दारू प्यायच्या आधी डोक्यात काय चालतं: सीबीटी साध्या भाषेत

मागं एक मामा माझ्यासमोर येऊन बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "ताई, लेक्चर देऊ नका बरं का, लई ऐकलंय. दारू वाईट हाय हे मला तुमच्याहून जास्त माहितंय." मला ते मनापासून पटलं. वीस वर्षं पिणाऱ्या माणसाला दारू वाईट आहे हे सांगायला कुणी लागत नाही, ते त्याला त्याचं लिव्हर सांगतं, सावकाराकडं गहाण पडलेलं बायकोचं डोरलं सांगतं, बाप घरात शिरला की उठून बाहेर जाणारी पोरगी सांगते. मग एवढं सगळं माहीत असून संध्याकाळी सात वाजता पाय देशीच्या दुकानाकडंच कसे वळतात?

ह्या "माहितंय" आणि "तरी पेलो" च्या मधे जे घडतं ना, ते सावकाश, तुकडे पाडून बघायचं काम म्हणजे सीबीटी. पूर्ण नाव कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. मराठीत बोधात्मक वर्तन उपचार असं काहीतरी म्हणतात पण आमच्यात सगळे सीबीटीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. मी मराठवाड्यात व्यसनमुक्तीचं काउन्सेलिंग करते आणि अजूनही बऱ्याच घरांत लोकांना वाटतं की काउन्सेलिंग म्हणजे गोड बोलून समजावणं, नाहीतर शपथ घ्यायला लावणं, नाहीतर कॅन्सरचे फोटो दाखवून भीती घालणं. तसं नसतंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहायलेय. मामांची गोष्ट जी पुढं येईल ती दोन-तीन माणसांची मिळून एक केलेली आहे, कुणाची ओळख कळू नये म्हणून.

आधी ही पद्धत आली कुठून ते थोडक्यात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला अॅरन बेक नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की माणसाच्या डोक्यात काही विचार एवढ्या झटक्यात येऊन जातात की ते आले हे त्यालाही कळत नाही, मागं उरलेलं दुःख तेवढं कळतं. त्यांच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमधे अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ हेच वेगळ्या शब्दांत सांगत होते. पुढं १९८० च्या दशकात अॅलन मारलॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे सगळं दारूला नीट लावलं. सोडलेला माणूस परत पितो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं हा त्यांचा प्रश्न, आणि त्यात तीन गोष्टी पुन्हापुन्हा सापडल्या: मन वाईट असणं, कुणाशी तरी वाजणं, आणि सोबतच्यांचा आग्रह. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. पीक गेलं, भावकीत बांधावरून वाजलं, आणि पाव्हणे म्हणाले "घे की रे एवढी", तिन्ही आले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितोय त्यानं एका दिवसात अचानक घरच्या घरी बंद करणं धोक्याचं असतं. सहा तासांपासून एका दिवसाच्या आत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहीजण पार भ्रमिष्ट होतात, भिंतीवर मुंग्या चालायलेत म्हणतात, नसलेल्या माणसांशी बोलतात, दिवस कोणता ते कळत नाही. आपल्याकडं ह्याला लगेच "बाहेरचं लागलं" म्हणतात, अंगारा लावतात, गाडी करून देवऋष्याकडं नेतात आणि त्यात जी रात्र जाते ती कधीकधी माणसाच्या जिवावर बेततेय. ते बाहेरचं नसतं, मेंदूला रोजची दारू मिळाली नाही म्हणून झालेलं असतं, आणि त्याला हॉस्पिटल हीच जागा आहे. डॉक्टर गोळ्या देऊन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन ते दिवस पार करून देतात. सीबीटीचं काम त्याच्यानंतर सुरू होतं, आणि नंतरही पहिला आठवडा-दोन आठवडे डोकं जडच असतं, तेव्हा मी फार काही शिकवत बसत नाही, जेवलात का झोपलात का एवढंच विचारते.

तर मामा. ते दवाखान्यातून बरे होऊन आलेले होते. मी विचारलं, शेवटचं कधी पेलात? "रोजच पेत व्हतो." तसं नाही, शेवटचा एकच दिवस सांगा. मग जरा विचार करून म्हणाले बुधवार, मोंढ्यात सोयाबीन घातलं त्या दिवशी. मी म्हणले, त्या दिवशी पहिला घोट घ्यायच्या आधी डोक्यात काय आलं होतं? "काईच न्हाई, गेलो आन पेलो." पहिलं उत्तर सगळ्यांचं हेच असतं आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. म्हणून मग मागं मागं जायचं. दुकानात शिरायच्या आधी कुठं होतात? टपरीवर. त्याच्या आधी? आडत्याच्या गादीपाशी. तिथं काय झालं? इथं मामा थांबले. सदऱ्याच्या खिशातून एक चौघडी कागद काढला, आडतीची पट्टी होती ती, घामानं मऊ पडलेली, आणि माझ्यापुढं टेबलावर हातानं सपाट करून ठेवली. वजन, भाव, हमाली, तोलाई, मागची उचल कापून खाली राहिलेला आकडा. म्हणाले, "हे बगितलं आन छातीवर कुणीतरी बसल्यावानी झालं."

मग आम्ही त्याच पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. पेननं उभ्या रेघा मारल्या. पहिल्या घरात कुठं, किती वाजता, सोबत कोण. दुसऱ्यात डोक्यात कोणतं वाक्य आलं, शब्दाला शब्द. मामांनी बराच वेळ घेतला आणि सांगितलं, "वर्षभर राबून एवढंच. आता घरी काय तोंड दाखवू." तिसऱ्यात मनाला आणि अंगाला काय वाटलं: लाज, छातीवर ओझं. चौथ्यात काय केलं: एक क्वार्टर, मग अजून एक. पाचव्यात त्याचं काय झालं, आणि हे पाचवं घर मी नेहमी दोन भागांत पाडते, लगेच काय झालं आणि नंतर काय झालं. लगेच काय झालं तर अर्धा तास छाती हलकी झाली. नंतर काय झालं तर उरलेल्या पैशातले सातशे कुठं गेले माहीत नाही, घरी भांडण, पोरगी रडत झोपली, सकाळी चहाची कपबशी हातात धरवेना.

त्या "लगेच" च्या घराबद्दल थोडं बोलायचंय, कारण इथं घरचे लोक आणि कितीतरी काउन्सेलरसुद्धा चुकतात. दारूनं काहीच मिळत नाही असं आपण म्हणतो तेव्हा पिणाऱ्याला आपण खोटारडे वाटतो, कारण त्याला अर्धा तास का होईना मिळालेलं असतं. ते मान्य करायचं. छाती हलकी झाली हे खरं. आता दुसरा प्रश्न, ही हलकी झालेली छाती किती वाजेपर्यंत टिकली, आणि ती हलकी करायला अजून कुठला रस्ता आहे का. इथून पुढं माणूस बोलायला लागतो, कारण आपण त्याला मूर्ख ठरवत नसतो.

लिहिता येत नसेल तर? असे पुष्कळजण येतात. एक जण मोबाईलवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवून ठेवायचा, आठवड्यानं आम्ही दोघं ते ऐकायचो. कुणी कॅलेंडरवर तलफ आली त्या दिवशी टिंब आणि पेलं त्या दिवशी फुली असं करतं. पद्धत काहीही चालते, फक्त त्याच दिवशी व्हायला पाहिजे, आठ दिवसांनी आठवून सांगितलेलं सगळं एकसारखं होऊन जातं.

असे पाच-सहा दिवस लिहून झाले की एक गोष्ट डोळ्यांना दिसायला लागते. तलफ वेगळी असते आणि परवानगी वेगळी असते. तलफ म्हणजे ओढ, ती आपोआप येते, तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. पण नुसत्या तलफेनं माणूस पीत नाही, मधे एक वाक्य येतं जे त्याला मोकळीक देतं. आज पोळा हाय, वर्षातून एकदा तर असतोय. आपल्या पैशानं पेतो कुणाच्या बापाचं काय जातंय. एवढ्या एका नाईंटीनं काय व्हतंय. उद्यापासून बंदच करायचीय मग आज कशाला जीव मारायचा. ही वाक्यं ओळखीची वाटत असतील ना? प्रत्येकाची दोन-तीन ठरलेली असतात आणि ती वर्षानुवर्षं तीच असतात. मामांचं होतं "आजच्या दिवस". मी त्यांना विचारलं, हा आजच्या दिवस मागच्या महिन्यात किती वेळा आला? बोटं मोजायला लागले आणि मधेच मोजायचं सोडून गप्प बसले.

सीबीटीमधे मी विचाराला खोटं म्हणत नाही, प्रश्न विचारते. हा विचार खरा आहे हे कशावरून, कधी खोटा ठरलाय का, आणि हाच विचार तुमच्या पोरानं बोलून दाखवला तर तुम्ही त्याला काय सांगाल. हा शेवटचा प्रश्न लई ठिकाणी काम करतो. माणूस स्वतःला जी सूट देतो ती पोराला देत नाही.

काही विचार तर बोलून सुटत नाहीत, करूनच बघावे लागतात. "दारूशिवाय झोप येत न्हाई" हा त्यातला. खरी गोष्ट अशी की दारूनं डोळा लवकर लागतो पण मध्यरात्रीनंतर झोप तुटत राहते, आणि हे सांगितलं की बरेचजण म्हणतात हो, रात्री तीनला जाग येतेच. मग ठरवायचं, दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं किती वाजता झोपलो, किती वेळा उठलो, सकाळी अंग कसं होतं. पण आधीच स्पष्ट सांगून ठेवायचं की पहिल्या काही रात्री झोप अजून खराब होणार आहे, मग हळूहळू सुधारते. हे नाही सांगितलं तर तिसऱ्या रात्री माणूस म्हणतो ताईनं फसवलं, आणि जातो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं "अंग दुखतंय म्हणून पेतो" हे मात्र मी कधीच हलक्यात घेत नाही. पहाटे उठून थंडीत कोयता चालवायचा, मोळ्या वाहायच्या, गाडी भरायची, रात्री पालावर येऊन निजायचं, ते दुखणं खरंखुरं असतं. तिथं विचार तपासून काय होणार, तिथं आधी दुखण्यावर डॉक्टरकडून औषध घ्यायचं, मग पुढचं बोलायचं.

ह्यावरूनच मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते येतं. बाहेर असा समज आहे की सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंग, म्हणजे कर्जात बुडालेल्या माणसाला सगळं चांगलं होईल असं म्हणायला लावायचं. हे जर खरं असतं तर मी हे काम कधीच सोडलं असतं. मामांच्या पट्टीवरचा आकडा खरा होता. पाऊस गेला होता, भाव पडला होता, उचल कापली होती, ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि त्याला खोटं पाडायचा मला काही अधिकार नाही. मला बघायचा असतो तो पुढचा सांधा. "पैसे कमी आले" इथपर्यंत खरं. "म्हणून घरी तोंड दाखवता येणार नाही", हे खरं आहे का? बायकोला आधीच माहीत होतं यंदा कमी येणार, तिनंच सकाळी सांगितलं होतं जे येईल ते घेऊन या. आणि "म्हणून प्यावी लागेल", हे? दुःख खरं आहे पण "म्हणून प्यावी" हा टाका आपणच मारलेला असतो आणि तो उसवता येतो. कर्जाचं काय करायचं हा वेगळा प्रश्न, तो कागद घेऊन वेगळा सोडवायला बसायचं, कुणाचे किती, आधी कुणाचे, बँकेत कधी जायचं. तेही ह्या थेरपीचाच भाग आहे, त्याला प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणतात.

बोलता बोलता माणूस कधी "जगून काय करायचं" असं म्हणतो. दारू आणि निराशा एकत्र असली की हे वाक्य कधीच सोडून द्यायचं नसतं. सरळ विचारायचं, मरायचा विचार येतोय का, काही ठरवलंय का. विचारल्यानं विचार वाढत नाही. आणि उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधाची डबडी हलवायची, फवारणीचीसुद्धा, आणि लगेच मानसोपचार डॉक्टर गाठायचा. टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आता रस्त्याची गोष्ट. मामांच्या गावात बसस्टँडवरून घरी जायला दोन रस्ते, एक शाळेच्या मागून आणि एक देशीच्या दुकानावरून. सोडून तीन आठवडे झाल्यावर एक दिवस ते म्हणाले "काय झालं कळलंच न्हाई ताई, अचानक दुकानापुढंच उभा." तलफ नव्हती म्हणे. परत मागं गेलो. दुकानाच्या रस्त्यानं का गेलात? मोबाईलचा रिचार्ज मारायचा होता, ते दुकान तिकडं आहे. रिचार्ज कधी संपत होता? दोन दिवसांनी. पोरगा घरून ऑनलाइन मारत नाही का? मारतो. खिशात पैसे किती होते? पाचशे, एरवी पन्नासच्या वर नसतात. अशा छोट्या छोट्या निर्णयांबद्दल मारलॅट यांनी लिहून ठेवलंय, एकेक बघितला तर त्यात काहीच नाही, बिनमहत्त्वाचा दिसतो, पण एकामागं एक लावले की सरळ गुत्त्यापर्यंत जातात. दुकानापुढं उभं राहिल्यावर नाही म्हणणं लई अवघड. रिचार्जच्या वेळी नाही म्हणणं लई सोपं. म्हणून आम्ही ठरवलं की रस्ता शाळेचा, खिशात पन्नास, आणि मोंढ्याचे पैसे थेट खात्यावर. ह्यात मनाचा काय निग्रह लागत नाही, आधी ठरवून ठेवावं लागतं एवढंच.

तरी तलफ येणारच. ती आली की माणसाला वाटतं आता ही वाढतच जाणार, पेल्याशिवाय थांबणार नाही. असं होत नाही. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. इंग्रजी पुस्तकात ह्याला समुद्राच्या लाटेची उपमा देतात पण आमच्याकडं समुद्र कुणी बघितलाय, मी वावटळ सांगते. उन्हाळ्यात रानात असताना वावटळ आली तर आपण तिच्याशी कुस्ती खेळत नाही आणि पळूनही उपयोग नसतो. उपरणं तोंडावर घेऊन खाली बसायचं, डोळे मिटायचे, धुराळा अंगावरून जाऊ द्यायचा. तलफेचं तसंच. बसायचं, घड्याळात वेळ बघायची, अंगात कुठं जाणवतंय ते बघायचं, घशात, पोटात, हातात, दहापैकी किती आहे ते मनातल्या मनात म्हणायचं, पाच मिनिटांनी परत. आठ होती, नऊ झाली, मग सात, मग चार. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ती उतरताना बघितली ना, की पुढच्या वेळी तिची भीती निम्मी झालेली असते.

आग्रहाचं मात्र बसून होत नाही, त्याची प्रॅक्टिसच करावी लागते, अगदी नाटकासारखी. मी होते मित्र आणि मामा मामाच राहतात. मी म्हणते, "घ्या की मामा, पोराचं लगीन हाय, आज न्हाई म्हणायचं न्हाई, माझी आन हाय तुमाला." पहिल्या वेळी मामा खाली बघून म्हणाले, "न्हाई म्हंजे... डॉक्टरनं जरा सांगितलंय..." हे जरा आलं की समोरचा धरून बसतो, "जरा म्हणजे थोडी चालतीय की." चार-पाच वेळा करून शेवटी जमलं ते असं: डोळ्यात बघून, लगेच, आवाज न चढवता, "मी सोडलीय. मला चहा सांग." आणि दुसऱ्या विषयावर. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो. एवढ्या साध्या पाच शब्दांसाठी आम्ही अख्खा तास घातला आणि मला तो तास वाया गेला असं अजिबात वाटत नाही, कारण लग्नाच्या मांडवामागं ऐन वेळी माणसाला नवीन काही सुचत नसतं, तोंडात बसलेलं असेल तेच बाहेर येतं.

संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ कशानं तरी भरावा लागतो हे ओघानं आलंच. दूध काढून डेअरीला घालणं, हरिपाठ, पोरांचा अभ्यास घेणं, जे ज्याचं असेल ते, पण ठरलेलं पाहिजे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. "तू टोमणे मारतीस म्हणून मी पेतो" हे ऐकून कितीतरी बायका माझ्यापुढं रडल्यात, माझंच चुकतंय का म्हणून. नाही. टोमण्यानं राग येऊ शकतो, त्या रागाचं काय करायचं ते त्याच्या हातात आहे, आणि हात उचलत असेल तर आधी तुमची आणि लेकरांची सुरक्षितता, थेरपी नंतर. दुसरी गोष्ट, ते भिंतीवर रंगवलेलं असतं ना, "न सांगता दारू सोडवा", ते औषध जेवणातून देऊ नका. दारू सोडवायच्या एका गोळीचं नाव डायसल्फिराम, ती पोटात असताना दारू पेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम पडतं, आणि त्यात माणूस दगावू शकतो. ही गोळी देतात, पण त्या माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून, डॉक्टरच देतात. पुड्यांत काय असतं ते तर कुणालाच माहीत नसतं. तलफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, नालट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट, त्यांचा आणि काउन्सेलिंगचा काही झगडा नाही, दोन्ही बरोबर चालतं.

हे सगळं खरंच चालतं का असं विचारणारे येतात आणि विचारावंच. अमेरिकेत १,७२६ माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, प्रोजेक्ट मॅच नावाचा, त्याचे निकाल १९९७ मधे आले. काहींना सीबीटीची बारा सेशन, काहींना प्रेरणा वाढवणारी चार सेशन, काहींना अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ह्या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या बारा पायऱ्यांच्या वाटेनं नेणारी सेशन. तिन्ही गटांत पिणं बरंच कमी झालं आणि तिन्हींत फार फरक निघाला नाही. म्हणून कुणी म्हणालं मला एएच्या मीटिंगमधेच बरं वाटतं, तर मी म्हणते जरूर जा, आणि जमलं तर इकडंही या. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथं सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या काउन्सेलर लोकांनी, जास्तीत जास्त चार भेटींत हे काम केलं. ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी ज्यांना हे काउन्सेलिंग मिळालं त्यांच्यात ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं, नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. हे लोक पूर्ण आहारी गेलेले नव्हते, नुकसान होईल इतकं पिणारे होते, हे लक्षात ठेवायला पाहिजे. आकडा जादूचा नाही. पण चार भेटींत एवढं होत असेल तर तालुक्याच्या ठिकाणी शिकवलेली दोन माणसं बसवणं काही चंद्रावर जाणं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निघालं होतं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ आपल्याच गल्लीत असतात.

कुठं जायचं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथून सुरुवात करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. आठवड्याला एक अशा दहा-बारा भेटी धरून चला. एका भेटीत दारू सोडवून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठून या.

आता माळेचं. आपल्याकडं माळ घालून दारू सोडलेली कितीतरी माणसं मी बघितलीत, कुणी पंढरपूरला जाऊन, कुणी गावातल्या सप्ताहात. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. मामांनीही तीनदा घातली होती. अडचण माळेत नसते, अडचण माळ तुटली त्या रात्री डोक्यात जे वाक्य येतं त्यात असते: "आता मोडलंच तर मोडलं." एक घोट गेला म्हणजे सगळंच गेलं, मी तसलाच, मला जमणारच नाही, मग आता कशाला मागं राहायचं. एका क्वार्टरनं जेवढं नुकसान होत नाही तेवढं ह्या वाक्यानं होतं, कारण ह्याच्या पुढं चार-चार महिने पिणं असतं. घसरणं वेगळं आणि परत दरीत राहायला जाणं वेगळं, ह्या दोन्हींच्या मधे पुन्हा एक विचारच असतो, आणि तोही लिहून बघता येतो. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, घसरलात तर काय करायचं ते आजच ठरवू. हातातलं तिथंच ठेवायचं, तिथून निघायचं, एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा, आणि पुढच्या भेटीला यायचंच, तोंड लपवायचं नाही. ह्यावर घरचे माझ्यावर चिडतात, तुम्ही त्यांना पेयची मोकळीक दिली म्हणून. गाडीत स्टेपनी ठेवतो म्हणजे टायर पंक्चर व्हावं अशी आपली इच्छा नसते ना.

मामा सोडून अडीच महिन्यांनी घसरले. महालक्ष्म्यांचं जेवण होतं, जावई आले होते. मागच्या तीनही वेळी माळ तुटल्यावर ते महिनोन्‌महिने कुणाच्या तोंडापुढं आले नव्हते. ह्या वेळी तिसऱ्या दिवशी आले. टोपी तशीच मांडीवर ठेवली, खिशातून तीच जुनी पट्टी काढली, आता तिला घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. मागच्या बाजूला जागा उरली नव्हती म्हणून कडेच्या कोऱ्या पट्टीत उभं लिहिलं होतं, वेड्यावाकड्या अक्षरात: "जावायासोबत. एक क्वाटर. दुसरी आणली व्हती, सांडून दिली." मी नवीन कागद घेतला, रेघा मारल्या, आणि आम्ही पहिल्या घरापासून सुरू केलं. किती वाजता, सोबत कोण.